रॅग्नाच्या चाळीस पुंगळ्या

१

"माझ्या पुंगळ्या कोणीतरी बदलल्यात," रॅग्ना फोनवर म्हणाली. "चोरल्या नाहीत. बदलल्या. आणि मार्लिस, ऑर्विलला सांग, मला वेड लागलेलं नाही."

"शेरीफला कळवलंस का?" मी विचारलं.

"कळवलं. तिथली पोरगी म्हणते, आजी, चोरीला काय गेलं? मी म्हटलं, चाळीस गेल्या आणि चाळीस आल्या. तर म्हणते, मग हिशेब बरोबर आहे की! गाढव कुठली."

ऑर्विल म्हणजे डॉक्टर ऑर्विल सँडव्हिक, आमच्या गावाचे दातांचे डॉक्टर. सव्वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. दवाखाना बंद होऊन सात वर्षं झाली. पण गुडघ्यामुळे त्यांना गाडी चालवता येत नाही आणि मला घरी बसवत नाही, त्यामुळे आमचं चालूच आहे. गावात काही हरवलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, की लोक अजून त्यांच्याकडेच येतात. अर्ध्या गावाच्या तोंडात त्यांनी डोकावलंय. तोंड उघडं ठेवून खोटं बोलता येत नाही, असं ते म्हणतात.

रॅग्ना एकोणऐंशी वर्षांची. दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी धान्याच्या कोठारामागच्या मैदानात आमच्या क्लबाची नेमबाजी असते, सहाशे यार्डांवरची. गेली सहा वर्षं ती रॅग्नाच जिंकतेय. आमच्याकडे खरा नेमबाज दुकानातली काडतुसं वापरत नाही. बार उडाला की पितळेची रिकामी पुंगळी उचलायची, घरी आणून धुवायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, लांबलेली मान छाटायची. मग बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून दारू, नवी गोळी. एकेक पुंगळी दहा-बारा वेळा वापरली जाते. माणसं त्यांच्याशी बोलतात म्हटलं तरी चालेल. तेव्हा रॅग्नाला आपल्या पुंगळ्या ओळखू येतात यात मला नवल वाटलं नाही.

नवल नंतर वाटलं.

२

रॅग्नाच्या तळघरात आम्ही उतरलो तेव्हा तिचा पुतण्या ब्राइस आधीच तिथे होता. ब्राइस पंचेचाळिशीचा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. आडदांड शरीराचा, मऊ मनाचा माणूस. रॅग्ना बाकासमोर उभी होती, हातात टोप्या बसवायची पकड.

"हे बघ ऑर्विल," ती म्हणाली. "रविवारी दुपारी मी या साच्यातून काढल्या, छाटल्या, पुसल्या आणि या ठोकळ्यात लावून ठेवल्या. चाळीस भोकं, चाळीस पुंगळ्या. आज सकाळी टोप्या बसवायला घेतल्या. माझ्या पुंगळ्यांत टोपी लोण्यात बोट घालावं तशी जाते. या दाबाव्या लागतायत. सहा बसवल्या, अंगठा दुखायला लागला. या माझ्या नाहीत."

"काकू, अंगठा वयाने पण दुखतो," ब्राइस हळूच म्हणाला.

"तू गप रे."

ब्राइसने उसासा टाकला आणि भिंतीवरची रायफल काढली. ती रायफल गावात सगळ्यांना माहीत होती. रॅग्नाचा नवरा लाईल बंदुका घडवायचा. नऊ वर्षांपूर्वी गेला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्याने रॅग्नासाठी ही घडवली. काडतूस नळीच्या मागच्या टोकाला ज्या खोबणीत बसतं तिला आम्ही घर म्हणतो. लाईलने ते घर स्वतःच्या मनाने कोरलं होतं, उभट खांद्याचं, म्हणजे पुंगळी जिथे मानेकडे निमुळती होते तिथला उतार उभा. साधी पुंगळी त्यात घालून एक बार काढला की पितळ फुगून त्या घराचा आकार घेतं. ते घर कोरायचं पातं लाईलने नंतर धरणात फेकून दिलं. म्हणाला होता, एक बायको, एक घर. रॅग्ना ही गोष्ट दर नाताळात सांगायची.

ब्राइसने ठोकळ्यातली एक पुंगळी उचलून रायफलीत घातली आणि घराचं तोंड बंद करणारा दांडा, बोल्ट, लावला. जराही अडला नाही.

"बघा डॉक्टर," तो म्हणाला. "असा खांदा दुसऱ्या कुठल्याही बंदुकीत तयार होत नाही. काकू स्वतःच पंचवीस वर्षं सांगत आलीये. मग या पुंगळ्या तिच्याच नाहीत का?"

रॅग्नाने हातातली पकड बाकावर ठेवली. तिच्याच गोष्टीने तिला खोटं पाडलं होतं. मी तिला इतकी वर्षं ओळखते. तिचा चेहरा असा पडलेला मी लाईलच्या मयतीतही पाहिला नव्हता.

"मला सांगायला आवडत नाहीये," ब्राइस आमच्याकडे वळून म्हणाला, "पण शुक्रवारी त्या वृद्धाश्रमातली बाई येणारे. मी काकूचं नाव घातलंय. मार्चमध्ये शेगडी चालू राहिली. आता हे. बारूद-दारूच्या खोलीत एकटी बाई, आणि तिला भास व्हायला लागले तर?"

"शेगडी सगळ्यांची राहते," रॅग्ना म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

डॉक्टर पुंगळ्या छाटायच्या यंत्राखालची पत्र्याची वाटी बघत होते. वाटी पितळेच्या बारीक किसाने काठोकाठ भरली होती. त्यांनी त्यात बोट फिरवलं.

"हा कधीचा कीस?"

"रविवारचाच. हल्ली जरा जास्तच वाढतात मेल्या."

डॉक्टरांनी मान हलवली, साच्याकडे वाकून पाहिलं, आणि ठोकळ्यातल्या सहा पुंगळ्या रुमालात बांधून घेतल्या.

"ब्राइस, त्या बाईला येऊ दे शुक्रवारी," ते म्हणाले. "पण दुपारनंतर. सकाळची वेळ मला हवी."

३

दवाखान्याच्या जुन्या खोलीत खुर्ची अजून आहे. डॉक्टर तिच्यावर बसले, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिली पुंगळी दिव्याखाली धरली. मी कॉफी ओतली.

"मार्लिस, वास घे."

मी पुंगळीचं तोंड नाकाशी धरलं. "पितळ. आणि... काहीतरी गोडसर. पावसात भिजलेल्या मेंढीसारखं."

"लोकरीचं मेण. साच्यात घालण्याआधी पुंगळीला वंगण लावावं लागतं, नाहीतर ती आत अडकून बसते. रॅग्ना काय लावते?"

"दुकानातलं डबीतलं मेण. निळं. त्याला कसलाच वास नाही."

"एक झालं." त्यांनी पुंगळी उलटी केली. "आता टोपीची जागा. जुन्या पुंगळीची सैल पडते, आणि ही कशी घट्ट आहे बघ. चार-पाच बारांपलीकडे गेलेली नाही. रॅग्नाच्या बाराव्या फेरीत असतील. तिचा अंगठा खोटं बोलत नव्हता."

"म्हणजे तिच्या नाहीतच?"

"थांब." त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. "बुडाकडे बघ. अक्षरांच्या कडेला."

आधी काही दिसलं नाही. मग पुंगळी तिरकी केल्यावर मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा एक गोल ठिपका चमकला. दुसरीवर होता. सहाही पुंगळ्यांवर होता.

"रॅग्नाची रायफल जुन्या घडणीची," डॉक्टर म्हणाले. "रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी पट्टी तिच्यात बाजूला असते, ती बुडावर खूण ठेवत नाही. नव्या घडणीत बोल्टच्या तोंडातच स्प्रिंगवर एक खिळा बसवलेला असतो. बार उडाला की पितळ त्या खिळ्यावर दाबलं जातं, आणि असा ठिपका उमटतो."

मला कळायला दोन घोट कॉफी लागली. "पण खांदा तर लाईलच्याच घराचा आहे. ब्राइसने बसवून दाखवली."

"बरोबर. घर लाईलचं आणि बोल्ट दुसराच." डॉक्टरांनी भिंग उतरवलं. त्यांचा चेहरा दुखरी दाढ सापडल्यावर व्हायचा तसा झाला होता, आनंदी आणि थोडा अपराधी. "रॅग्नाला भास होत नाहीये, मार्लिस. लाईलने दोन रायफली केल्या होत्या. आणि दुसरी अजून गावातच आहे."

४

गुरुवारी आम्ही निघालो. रॅग्ना सोमवारी सकाळी नऊ ते बारा चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली होती. एरवी घर सोडलं नव्हतं. आमच्याकडे दाराला कुलूप लावणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात, त्यामुळे कोणीही जाऊ शकत होतं. पण तीनच माणसं गेली होती. ब्राइस पाण्याचा बंब बदलायला, लॉर्ना साफसफाईला, आणि एव्हरेट क्लिंग चेरीची पेटी ठेवायला.

लॉर्ना आम्हाला पोस्टाच्या पायऱ्यांवरच भेटली.

"मी? तळघरात?" ती उसळलीच. "डॉक्टर, बंदुका दिसल्या की मी उलट पावली फिरते. आठ वर्षं तिथे काम करतेय, एकदा खाली उतरले नाही. तिथली धूळ तिची तिनेच पुसावी."

"सोमवारी कोण कोण आलं?"

"ब्राइस आला, बंबाशी भांडत बसला तासभर. वरच्या मजल्याला ऐकू जातील अशा शिव्या. मग एव्हरेट. त्याने चेरी टेबलावर ठेवल्या, म्हणाला, पाणी दे. मी द्यायला वळले, तर म्हणे राहू दे, खाली ब्राइसला मदत हवी असेल. काय मदत करणार? त्याचंच वय शहात्तर."

तिने हात हलवले आणि मला तो वास आला. ओल्या मेंढीचा. मी डॉक्टरांना कोपर मारलं.

"लॉर्ना, हाताला काय लावतेस?" त्यांनी विचारलं.

"क्रीम. लोकरीच्या तेलाचं. साबणाने चिरा पडतात ना." तिने पर्समधून मेंढीचं चित्र असलेली डबी काढून दाखवली.

गाडीत बसताच मी म्हटलं, "डॉक्टर, वास तोच!"

"तोच. पण वास पुंगळीच्या आत होता, मार्लिस. मानेच्या आत. लॉर्नाचं बोट तेवढं बारीक नाही. जो मानेच्या आतही वंगण लावतो तो पुंगळ्या रोज हाताळणारा माणूस."

ब्राइस आपल्या शेडमध्ये ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला तो हात पुसत आणि चिडलेला.

"माझ्यावर संशय? डॉक्टर, काकूने नेम सोडावा असं मला वाटतं, ते मी लपवत नाही. पण मला थांबवायचंच असतं तर मी रायफल उचलली असती. चाळीस पुंगळ्या नेऊन चाळीस तशाच ठेवायच्या, याने तिचं काय थांबलं?"

"हेच मी स्वतःला विचारतोय," डॉक्टर म्हणाले. "एक सांग. लाईलने ते पातं धरणात टाकलं तेव्हा तू होतास ना बरोबर?"

ब्राइसचा चेहरा एकदम निवळला. "हो तर. कॉलेजला जायच्या आधीचा तो उन्हाळा. वणव्यांचं साल. आकाशातून राख पडत होती, आम्ही तोंडाला फडकी बांधून होडीत बसलो होतो. काका म्हणाला, झालं बाबा, आता हे संपलं."

"आणि रायफल रॅग्नाला कधी मिळाली?"

"लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. वणव्यांच्या आदल्या वर्षी, वसंतात." ब्राइस बोलता बोलता थांबला. "मग काकाने पातं सव्वा वर्ष कशाला ठेवलं?"

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि मला म्हणाले, "चल. मेंढ्या बघून येऊ."

५

एव्हरेट क्लिंगचं कुरण गावाबाहेर नऊ मैलांवर. बायको जाऊन त्याला पंचवीस वर्षांच्या वर झाली, मूलबाळ नाही. नेमबाजीत दरवर्षी दुसरा येतो. बक्षीस घेताना दरवर्षी म्हणतो, "पुढच्या वर्षी ही बाई आजारी पडू दे," आणि रॅग्ना दरवर्षी म्हणते, "मी स्ट्रेचरवरून येईन रे."

त्याने आम्हाला शेडमध्ये बसवलं, चेरी पुढे केल्या. बाकावर त्याची नेहमीची रायफल, वजनकाटा आणि हाताने केलेल्या वंगणाची बाटली. लोकरीचं मेण स्पिरिटात विरघळवलेलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते चेरी खात होते.

"तुझी पुंगळी बघू रे एक," ते म्हणाले.

एव्हरेटने नेहमीच्या रायफलीची दिली. साधा खांदा. डॉक्टरांनी बघून परत ठेवली.

"मे महिन्यात सरावाला तू रॅग्नाच्या शेजारच्या चटईवर होतास ना?"

"होतो."

"तिच्या पुंगळ्या तुझ्याकडे उडून येत असतील."

एव्हरेटचा हात चेरीच्या पेटीवर थांबला. "येतात कधी कधी. मी गोळा करून देतो."

"देताना बघतोस?"

एव्हरेटने पेटी मागे सरकवली. बाहेर एक मेंढी खोकली.

"एव्हरेट," डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी दुपारी एक बाई येऊन रॅग्नाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते लिहून नेणारे. ती म्हणते पुंगळ्या बदलल्या, आणि सगळे म्हणतात भास आहे. उद्या अकरा वाजता मी तिच्या स्वयंपाकघरात असेन. जे मला माहीत आहे ते मी सांगेन. पण ते सांगण्याचा हक्क खरं तर माझा नाही."

एव्हरेट दारापर्यंतही आला नाही. गाडी वळवताना मी मागे पाहिलं, तर तो तिथेच, दोन्ही हात बाकावर टेकून उभा होता.

"येईल?" मी विचारलं.

"बत्तीस वर्षांत त्याने माझ्याकडे एकही वेळ चुकवली नाही. दात काढायची सुद्धा."

६

शुक्रवारी अकरा वाजता स्वयंपाकघरात रॅग्ना, ब्राइस, लॉर्ना आणि आम्ही दोघं. अकरा वाजून पाच मिनिटांनी एव्हरेट आला, टोपी हातात घेऊन भिंतीला टेकला. रॅग्नाने रेवाचिनीच्या देठांची आंबटगोड पाई कापून ठेवली होती. कोणी हात लावला नाही.

डॉक्टरांनी सहा पुंगळ्या टेबलावर मांडल्या आणि सगळं सांगितलं. घट्ट टोपी, मेणाचा वास, बुडावरचा ठिपका. भिंग ब्राइसच्या हातात दिलं. ब्राइसने रॅग्नाची जुनी एक पुंगळी शोभेच्या फळीवरून आणली, दोन्ही शेजारी धरल्या, आणि त्याचे कान लाल झाले.

"काकू," तो म्हणाला, "तुझं बरोबर होतं."

"ते मला माहीत होतं," रॅग्ना म्हणाली, पण खुर्चीत मागे टेकली. चार दिवसांत पहिल्यांदा टेकली असावी. मग एकदम सरळ झाली. "थांबा. म्हणजे दुसरी रायफल आहे? लाईलने?"

"आधी एक सांगतो," डॉक्टर घाईने म्हणाले. "हे केलं कशासाठी. रॅग्ना, तुझ्या वाटीत कीस फार होता. पुंगळी वाढते म्हणजे ते पितळ कुठून तरी येतं. ते येतं बुडाकडून. तुझा साचा पाव फेरा जास्त खाली आलाय. खांदा दर वेळी फार मागे ढकलला जातो, बार उडताना पितळ पुन्हा ताणलं जातं, आणि बुडाजवळची भिंत आतून झिजत जाते. बाहेरून फक्त एक बारीक चकचकीत रेघ दिसते. कोणीतरी मे महिन्यात ती रेघ पाहिली. जो तुझ्या पुंगळ्या उचलून परत देतो, त्याने. त्याला तुझ्या हातून त्या काढून घ्यायच्या होत्या आणि तुझी नेमबाजी मात्र बुडू द्यायची नव्हती. त्यासाठी लाईलच्या घराच्याच चाळीस पुंगळ्या हव्यात. त्या जगात एकाच माणसाकडे आहेत. त्याचं नाव मी घेणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एव्हरेटने टोपी डोक्यावर घातली आणि दार उघडून बाहेर गेला.

गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. लॉर्ना म्हणाली, "पळाला!" ब्राइस उठलाच. डॉक्टरांनी त्याची बाही धरली.

एव्हरेट परत आला तेव्हा एका काखेत घोंगडीत गुंडाळलेली रायफल होती आणि दुसऱ्या हातात कॉफीचा डबा. डबा त्याने रॅग्नासमोर ठेवला. "तुझ्या चाळीस," तो म्हणाला. "सोमवारी ब्राइस गाडीतून नळी आणायला गेला, तेवढ्यात बदलल्या. मोजून घे."

रॅग्ना घोंगडीकडे बघत होती. "लाईलने दिली?"

"माझी मिरियम गेली त्या हिवाळ्यानंतर." एव्हरेट जमिनीकडे बघत बोलत होता. "मी घराबाहेर पडत नव्हतो. लाईल ही घेऊन आला, बरोबर साचा आणि शंभर कोऱ्या पुंगळ्या. म्हणाला, एकेकीला आकार द्यायला एकेक बार लागतो, आणि बार घरात बसून काढता येत नाही. शंभर पुंगळ्या, शंभर बार. रोज एक काढ. मी रोज एक काढला. उन्हाळ्यापर्यंत माणसात आलो. मग त्याने पातं धरणात टाकलं. म्हणाला, रॅग्नाला सांगू नकोस, तिला मी एकच म्हणून सांगितलंय."

"म्हणून तू ती कधी क्लबात आणली नाहीस."

"तुझ्यासमोर कशी आणणार?"

डॉक्टरांनी खिशातून दात तपासायची आकडीची सळई काढली, डब्यातली एक पुंगळी उचलली आणि दोन्ही रॅग्नाच्या हातात दिल्या. "आत घाल. बुडापासून वर ओढत आण."

तिने ओढली. सळई एका जागी अडकली. तिने पुन्हा ओढली, पुन्हा अडकली. दुसरी पुंगळी घेतली. तिसरी. बोटं तिची अजून चांगली आहेत. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ही भिंत फाटली असती तर तापलेला वायू सरळ तिच्या डोळ्यांवर आला असता.

"माप घ्यायच्या गेजचा काटा मला दिसत नाही," ती शेवटी म्हणाली. "दोन वर्षं झाली. म्हणून साचा टेकेपर्यंत खाली फिरवते. वाटलं, तेवढं पुरे."

ब्राइसने तोंड फिरवलं.

"एव्हरेट, तू मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं. मे महिन्यात, तिथेच मैदानावर. तू म्हणालीस, हरणाऱ्यांना माझ्या पितळात खोट दिसते."

रॅग्नाला ते आठवलं असावं. तिने पुंगळी खाली ठेवली.

"मग परत सांगायचं होतंस."

"हो," एव्हरेट म्हणाला. "परत सांगायचं होतं. धीर झाला नाही. आणि मग तुला लोक वेडी म्हणायला लागले, तेव्हा तर तोंडच उघडेना. माझं चुकलं, रॅग्ना."

"चुकलंच." ती उठली, पाई कापलेलीच होती तरी सुरी घेऊन पुन्हा कापायला लागली. "आणि लाईलचं पण चुकलं. मी काय रागावले असते? माझ्या हातचं जेवण तुझ्याकडे तोच घेऊन जायचा त्या हिवाळ्यात, त्याला कळत नव्हतं?" तिने सुरी ताटात आपटली. "एकच म्हणे! एवढी चांगली गोष्ट केलीस तर सांगावी ना बायकोला."

एव्हरेटने बाकावरचा गेज आणायला ब्राइसला खाली पाठवलं. "काटा मला दिसतो," तो म्हणाला. "दर रविवारी येऊन साचा मी लावत जाईन. साच्याचं हँडल तू दाबायचं."

"हँडल मीच दाबणार. तुला काय वाटलं?"

दुपारी वृद्धाश्रमाची बाई आली. रॅग्नाने तिला पाई वाढली आणि साच्याचा पाव फेरा, झिजलेली भिंत, बुडावरचा ठिपका, सगळं एका दमात समजावून दिलं. बाईला बहुतेक काही कळलं नाही. तिने वहीत फार वेळ काहीतरी लिहिलं. ब्राइस म्हणाला, यादीतून नाव काढून टाकू.

"राहू दे," रॅग्ना म्हणाली. "नव्वदीला बघू. पण शेगडीला ते आपोआप बंद होणारं बटण बसवून दे."

७

शनिवारी नेमबाजीच्या मैदानात वारा डावीकडून होता, गव्हाच्या शेतावरून येणारा, मधूनच पडणारा. रॅग्ना एव्हरेटने दिलेल्या चाळीस पुंगळ्या भरून आली. एव्हरेट घोंगडीतली रायफल घेऊन आला, कारण तिने सकाळी सहा वाजता फोन करून बजावलं होतं की तुझी ती रोजची काठी आणलीस तर मी आडवीच होणार नाही.

दोघं शेजारच्या चटयांवर आडवे झाले. एकाच घराच्या दोन रायफली, एकामागून एक. डॉक्टर माझ्या शेजारी दुर्बीण घेऊन बसले होते आणि दर बाराला श्वास रोखत होते. स्वतः नेमबाजी करायचे तेव्हाही ते कधी एवढे घाबरले नव्हते. शेवटचा बार एव्हरेटचा होता. गुणांची पाटी वर आली तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली.

एव्हरेट एका गुणाने जिंकला होता.

तो उठला नाहीच. चटईवर तसाच पालथा पडून राहिला, कपाळ हातावर टेकून. रॅग्ना उठली, गुडघे झाडले, त्याच्याजवळ गेली, आणि त्याच्या पुंगळ्या गवतातून एकेक वेचून त्याच्या टोपीत टाकल्या. प्रत्येक टाकण्याआधी नखाने बुडाजवळ चाचपून.

घरी तिला मीच सोडलं. कोठार मागे पडलं तरी ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. रेल्वेचं फाटक गेलं, पूल गेला. मला वाटलं, सहा वर्षांनी हरली, मनाला लागलं असेल. काय बोलावं ते मी जुळवत होते.

"मार्लिस," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शेवटच्या पाच बारांना माझ्या हाताला घाम फुटला होता गं. किती वर्षांनी!"

आणि घर येईपर्यंत ती पुढच्या वर्षीच्या वाऱ्याबद्दल बोलत राहिली.